अमेरिकेतल्या कॉलेजात पहिल्या वर्षी सक्तीचा ‘रायटिंग’ कोर्स: त्यात नेमकं काय करून घेतात?

प्रश्न थोडक्यात असा: मुलीने पुण्यात बारावी केली, बोर्डात इंग्रजीत ९१ गुण, आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत रायटिंगला ६.५. ऑगस्टमध्ये ती अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला जातेय आणि पहिल्याच सेमिस्टरला ‘इंग्लिश १०१’ सक्तीचा आहे. वडील विचारतात: कॉम्प्युटरच्या मुलांना पुन्हा निबंध कशाला, आतापासून व्याकरणाचं कुठलं पुस्तक करून घ्यावं, आणि ती कुठे अडली तर मी प्राध्यापकांशी बोलू शकतो का?

व्याकरणाचं पुस्तक तूर्त राहू द्या. बोर्डाला ९१ मिळवणारी मुलगी या कोर्समध्ये व्याकरणावर सहसा अडत नाही, ती अडते पुन्हा लिहिण्यावर. आपल्याकडे उत्तर एकदाच लिहायचं असतं: मुद्देसूद, सुवाच्य, खाडाखोड न करता, घंटा व्हायच्या आत. आयेल्ट्सचा दुसरा टास्कही ४० मिनिटांत किमान २५० शब्दांचा. या कोर्समध्ये एकाच निबंधावर तीन-चार आठवडे जातात, आणि पहिल्या मसुद्यापासून शेवटच्यापर्यंत त्यात काय बदललं यावर ग्रेडचा बराच भाग ठरतो. पहिल्याच फटक्यात छान लिहिणाऱ्या मुलांना हे जड जातं. ‘झालंय की लिहून, आता काय बदलू?’ हा त्यांचा खरा प्रश्न असतो.

आधी विद्यापीठागणिक काय बदलतं ते सांगतो. कोर्सचं नाव आणि क्रमांक सगळीकडे वेगळा. पर्ड्यूला तो इंग्लिश १०६, इलिनॉयला ऱ्हेटोरिक १०५, ॲरिझोना स्टेटला १०१ आणि १०२ अशा दोन सेमिस्टरांत. काही ठिकाणी ज्यांची पहिली भाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठी समांतर वर्ग असतात. ॲरिझोना स्टेटला त्यांचे क्रमांक १०७ आणि १०८. असा वर्ग मिळत असेल आणि मुलगी मराठी माध्यमातली असेल किंवा वर्गात इंग्रजी बोलायला कचरत असेल, तर बिनदिक्कत घ्यावा. कमीपणा काही नाही. फक्त त्याने पदवीची तीच अट पूर्ण होते का, हे ॲडव्हायझरला, म्हणजे कोर्स निवडायला मदत करणाऱ्या विद्यापीठाच्या सल्लागाराला, विचारून घ्यावं. पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकली असेल तर नेहमीचा वर्ग बरा. सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांचं असतं, पण काही विद्यापीठांत १० आठवड्यांचे क्वार्टर असतात. तिथे हेच काम दाटीवाटीने होतं.

कॉम्प्युटरवाल्यांना कशाला, तर ही सक्ती शाखा बघून केलेलीच नाही. हार्वर्डने १८८५मध्ये पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा कोर्स घातला आणि तिथून ती पद्धत देशभर पसरली. पुढच्या वर्षांतले रिपोर्ट, डिझाइन डॉक्युमेंट, तांत्रिक लेखनाचे वरचे कोर्स हे सगळं यावर उभं असतं. बऱ्याच ठिकाणी १०१ झाल्याशिवाय तांत्रिक लेखनाच्या कोर्सला नावच नोंदवता येत नाही.

वर्ग लहान असतो. लेखन शिकवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस जास्तीत जास्त २०, शक्यतो १५ विद्यार्थ्यांची आहे. प्रत्यक्षात २०-२५ सर्रास दिसतात. प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या कोर्सला शेकडो मुलं बसतात, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला तिला नावाने ओळखणारी शिक्षक व्यक्ती बहुधा याच वर्गातली असेल. लहान वर्गाची दुसरी बाजू म्हणजे गैरहजेरी लगेच दिसते. ठरावीक दांड्यांनंतर ग्रेड उतरवायचा नियम बहुतेक सिलॅबसमध्ये असतो. इथे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी नव्हे. उशिरा दिलेल्या कामाचे किती गुण कापणार, एआय वापरायला परवानगी आहे का, कशाला किती टक्के, हा सगळा करार त्यात असतो. पहिल्या दिवशी तो अथपासून इतिपर्यंत वाचावा आणि तारखा कॅलेंडरमध्ये टाकाव्यात. शिकवणारी व्यक्ती अनेकदा पीएचडी करणारी विद्यार्थिनी किंवा विद्यार्थी असते. म्हणून कोर्स कमअस्सल ठरत नाही. उलट असे शिक्षक अनेकदा मसुदे बारकाईने वाचतात.

पहिल्या आठवड्यात बहुधा वर्गातच एक लहानसं लेखन करून घेतात. त्याला ग्रेड नसते, शिक्षकाला फक्त अंदाज हवा असतो. मग तीन-चार पानांचा स्वतःच्या वाचण्या-लिहिण्याच्या अनुभवावरचा निबंध, चार-पाच पानांचं एखाद्या मजकुराचं विश्लेषण, त्यानंतर टिपणांसह संदर्भसूची, आठ-दहा पानांचा संशोधनावर आधारलेला युक्तिवाद, आणि शेवटी पोर्टफोलिओ, म्हणजे सेमिस्टरभरातलं लिखाण एकत्र करून, व त्यासोबत ‘मी काय बदललं आणि का’ सांगणारं पत्र. क्रम आणि पानं बदलतात, ढाचा साधारण हाच. डबल स्पेसिंगच्या एका पानावर २५० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे सेमिस्टरभरात सहा हजारांच्या आसपास पक्के शब्द, आणि फेकून दिलेले त्याहून जास्त. तीन क्रेडिटचा कोर्स म्हणजे आठवड्याला तीन तास वर्ग आणि घरी सहा तास काम, असा तिथला हिशेब. हे सहा तास रविवारी रात्री एकदम काढले की गाडी घसरते. दीड-दीड तासाच्या चार बैठका केल्या तर दोन बैठकांच्या मधल्या वेळात डोकं काम करत राहतं.

आपली मुलं सर्वात जास्त अडखळतात ती मजकुराच्या विश्लेषणात, ज्याला तिथे ऱ्हेटोरिकल ॲनॅलिसिस म्हणतात. मुलं एक तर सारांश लिहितात, नाही तर आपलं मत. दोन्ही नको असतं. पुणेरी पाटी घ्या: ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल.’ पाटी गाडी लावू नका असं सांगते, हा झाला सारांश. कुणाच्या गाडीची हवा सोडणं बरोबर नाही, हे झालं मत. विश्लेषण सुरू होतं ते ‘कृपया’ का नाही, इथून. ‘आम्ही हवा सोडू’ असं न म्हणता ‘सोडली जाईल’ का म्हटलं? त्यात कर्ता गायब होतो, धमकी कुणाच्या नावावर राहत नाही आणि तरी ती अटळ वाटते. लिहिणाऱ्याने वाचणारा कसा गृहीत धरलाय? विनंती कळूनही न ऐकणारा, पण स्वतःच्या गाडीचं नुकसान मात्र लगेच कळणारा. फाटकावर हे चालतं, मग हॉस्पिटलच्या दारात चाललं असतं का? सहा शब्दांच्या पाटीवर असं एक पान होतं. कोर्समध्ये पाटीच्या जागी अग्रलेख, भाषण किंवा जाहिरात येईल, इतकाच फरक. इथोस (बोलणाऱ्याची विश्वासार्हता), पॅथोस (भावनेला हात घालणं), लोगोस (तर्क) हे ॲरिस्टॉटलचे तीन शब्द शिकवतातच, पण ‘इथे पॅथोस आहे’ एवढं लिहून थांबलं की शेरा येतो: ‘मग काय?’

दुसरी अडचण थीसिसची, म्हणजे निबंध ज्याच्यावर उभा राहतो त्या दाव्याची. समजा तिने विषय घेतला पुण्याची वाहतूक. पहिल्या मसुद्यात ती लिहील: ‘वाहतूक कोंडी ही आज पुण्यासमोरची मोठी समस्या आहे.’ याला कोण नाही म्हणणार? म्हणजे सिद्ध करायला काही उरलं नाही. दुसऱ्या मसुद्यात: ‘पुण्यात सार्वजनिक वाहतूक सुधारली पाहिजे.’ मत आलं, पण कुणी, काय, कशाआधी, याचा पत्ता नाही. तिसऱ्यात जमायला लागतं: ‘स्वारगेट-कात्रज रस्त्यावर २००६मध्ये सुरू झालेल्या बीआरटीने बसला वेगळी लेन दिली, पण रस्त्याच्या मधल्या थांब्यापर्यंत प्रवाशाने सुरक्षित कसं पोहोचायचं याला तितकं महत्त्व दिलं नाही, म्हणून नव्या मार्गांवर आधी रस्ता ओलांडायची सोय, मग लेन, असा क्रम हवा.’ आता यावर वाद घालता येतो. कुणी म्हणेल, दोष थांब्यांचा नव्हता, लेनमध्ये घुसणाऱ्या इतर गाड्यांचा होता. त्याला उत्तर द्यायचं तर पुरावा शोधावा लागतो, आणि आठ पानं कुठून आणायची ही चिंता तिथेच मिटते. शिवाय स्वारगेट कुठे आहे हे तिच्या वर्गात कुणालाच माहीत नाही. वाचकाला काय सांगावं लागतं आणि काय नाही, हे शिकायला स्वतःच्या गावाइतका चांगला विषय नाही.

हा दावा पहिल्या दिवशी सुचत नाही, मसुदा लिहिता लिहिताच सापडतो. बऱ्याचदा तो पहिल्या मसुद्याच्या शेवटच्या परिच्छेदात दडलेला असतो. तो उचलून वर आणायचा आणि बाकीचं त्याच्या खाली नव्याने रचायचं, याला तिथे रिव्हिजन म्हणतात. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ ही आर्टिकलं लावणं आणि स्पेलिंग तपासणं म्हणजे एडिटिंग, ते शेवटच्या दिवशी. मुलं या दोन्हींत गल्लत करतात. शिक्षकाच्या शेऱ्यांपैकी स्वल्पविरामाचे सोपे शेरे दुरुस्त करतात, ‘तिसरा परिच्छेद दाव्याशी कसा जोडलेला आहे?’ हा शेरा तसाच ठेवतात, आणि ग्रेड हलली नाही म्हणून हिरमुसतात.

शाळेतल्या निबंधाच्या सवयींचंही असंच. सुरुवातीला सुविचार, ‘प्राचीन काळापासून मानव…’ असं पहिलं वाक्य, शेवटी उपदेश: हे सगळं पहिल्याच मसुद्यात लाल होतं. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप हा पाच परिच्छेदांचा साचा अमेरिकन मुलंही हायस्कूलमधून घेऊन येतात आणि त्यांचाही मोडावा लागतो. त्या बाबतीत सगळे एकाच बाकावर.

शेऱ्यांची भाषा मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण अमेरिकन शिक्षक नाराजीही गोड बोलून सांगतात. ‘यू माइट कन्सिडर’ म्हणजे ‘हे कराच’. ‘इंटरेस्टिंग’ एकटंच लिहिलं असेल तर कौतुक समजू नये. ‘इथे काहीतरी आहे, पण उलगडलेलं नाही’ असाही त्याचा अर्थ असतो. ‘अनपॅक’ म्हणजे एका वाक्यात कोंबलेले दोन-तीन विचार सुटे करून सांग. ‘सो व्हॉट?’ हा उद्धटपणा नव्हे. याने वाचकाला काय फरक पडतो, असा तो साधा प्रश्न आहे. समासातलं ‘ऑक’ म्हणजे ऑकवर्ड: वाक्य व्याकरणाने बरोबर असेलही, पण वाचताना ठेच लागते. ते मोठ्याने वाचून पाहिलं की कळतं.

मसुदे वर्गातली मुलंही एकमेकांचे वाचतात, त्याला पीअर रिव्ह्यू म्हणतात. ‘छान आहे, आवडलं’ असं लिहून आपली मुलं मोकळी होतात, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. तिथे अपेक्षा असते ती ‘दुसऱ्या पानावर तुझा मुद्दा कुठे बदलला ते मला कळलं नाही’ अशा नेमकेपणाची, आणि त्यालाही बरेचदा गुण असतात. शिक्षकासोबत १५-२० मिनिटांची स्वतंत्र भेट ठेवलेली असते. तिथे कोरा चेहरा घेऊन जाऊ नये, दोन प्रश्न लिहून न्यावेत. विद्यापीठाचं रायटिंग सेंटर बहुधा मोफत असतं. ते चुका दुरुस्त करून देत नाहीत, प्रश्न विचारून तिच्याकडून काढून घेतात, म्हणून मसुदा द्यायच्या आदल्या रात्री तिथे जाण्यात अर्थ नाही. तीन-चार दिवस हाताशी असताना जावं.

आता सर्वात धोक्याची गोष्ट: उसनं लिखाण. आपल्याकडे गाइडमधलं उत्तर शब्दशः लिहिलं तर पूर्ण मार्क मिळतात, त्यामुळे पोरांना यात गैर वाटत नाही. तिथे त्याची चौकशी होते आणि विद्यार्थ्याच्या रेकॉर्डवर नोंदही राहू शकते. मुद्दाम चोरणारे थोडेच असतात. बहुतेक जण शब्द बदलण्याच्या नादात अडकतात. समजा मूळ लेखातलं वाक्य असं आहे: ‘थांब्यापर्यंत चालत जाणं जोखमीचं वाटलं, की बस वेगवान असूनही प्रवासी दुचाकीच निवडतात.’ मुलगी लिहिते: ‘स्टॉपपर्यंत पायी जाणं धोक्याचं वाटलं, तर बस जलद असली तरी लोक टू-व्हीलरच पसंत करतात.’ प्रत्येक शब्दाला पर्यायी शब्द घातला, वाक्याचा सांगाडा लेखकाचाच राहिला. याला पॅचरायटिंग म्हणतात आणि कंसात लेखकाचं नाव दिलं तरी ते सुटत नाही. उपाय एकच: लेख बंद करून, आठवतं ते स्वतःच्या वाक्यात लिहायचं. ‘अमुक लेखकाच्या मते प्रवासी बसचा वेग नंतर बघतो, आधी थांब्यापर्यंतची वाट बघतो, स्वारगेटचे थांबे मला याच कसोटीवर तपासायचे आहेत.’ मग लेख उघडून अर्थ बरोबर आला का ते पडताळायचं. या वाक्याचा शेवट बघा, तिथे तो संदर्भ तिच्या कामाला लागला. नुसती अवतरणं एकाखाली एक रचली की शिक्षक विचारतात, यात तू कुठे आहेस?

संदर्भ देण्याची पद्धत इंग्रजीच्या कोर्सला बहुधा एमएलए असते, सध्या तिची २०२१ची नववी आवृत्ती चालते. काही ठिकाणी एपीए, सातवी आवृत्ती. पाठ करू नये, पर्ड्यू विद्यापीठाच्या ऑनलाइन रायटिंग लॅबवर दोन्हींचे नमुने फुकट आहेत. उसना मजकूर शोधणाऱ्या टर्निटिन या सॉफ्टवेअरचा टक्का बघून घाबरायचं कारण नाही. तो फक्त जुळणारा मजकूर मोजतो, त्यात अवतरणं आणि संदर्भसूचीही धरली जाऊ शकते. एआयबद्दल प्रत्येक शिक्षकाचा नियम वेगळा, सिलॅबसमध्ये असेल तो अंतिम. नियम कोणताही असो, गुगल डॉक्समध्ये पहिल्या ओळीपासून लिहावं. शंका घेतली गेलीच तर कोणत्या दिवशी काय लिहिलं याचा इतिहास दाखवता येतो. दुसरीकडे लिहून शेवटी एकगठ्ठा पेस्ट केलं की तो पुरावा जातो.

किरकोळ वाटणाऱ्या, पण छाप पाडणाऱ्या काही गोष्टी. शिक्षकांना ‘सर’, ‘मॅम’ ऐवजी ‘प्रोफेसर’ आणि आडनाव. त्यांनी पहिल्या नावाने हाक मारा म्हटलं तर खुशाल मारावी. ईमेलच्या विषयात कोर्स आणि सेक्शनचा क्रमांक. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं की त्यांना वाटतं हिला आपलं म्हणणं पटलेलं नाही, ‘क्वेश्चन’ म्हणावं. ‘आय पास्ड आउट फ्रॉम’ याचा तिथला अर्थ मी बेशुद्ध पडले. ‘डू द नीडफुल’ पुण्यातच ठेवून जावं. आणि वर्डमध्ये कागद ए-फोर असतो, तो लेटर साइज करून ठेवावा.

व्हिसाशी जोडलेली एक बाब तुम्हाला दोघांनाही माहीत हवी. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात. कोर्स जड वाटला म्हणून मधेच सोडला आणि बेरीज १२च्या खाली गेली तर व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो. सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या अधिकाऱ्याची परवानगी हवी, नंतर नव्हे. या १२मध्ये पूर्ण ऑनलाइन असा एकच कोर्स, तोही तीन क्रेडिटपर्यंत, धरला जातो. तसाही हा कोर्स समोरासमोरच घ्यावा.

जून-जुलैत तयारी करायचीच असेल, तर आठवड्यातून तीनदा अर्धा तास पुरे. इंग्रजीतला हजार-दीड हजार शब्दांचा एखादा मतप्रदर्शनपर लेख घ्यायचा आणि प्रत्येक परिच्छेदाच्या बाजूला दोन छोटी वाक्यं लिहायची: हा परिच्छेद काय सांगतो आणि काय करतो. ‘सांगतो: पुलावर खर्च जास्त झाला. करतो: विरोधकांचा आक्षेप आधीच मान्य करून टाकतो.’ ‘काय सांगतो’ लगेच जमेल, ‘काय करतो’ला दोन आठवडे लागतील. ते जमलं की विश्लेषणाचा निबंध निम्मा झाला.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. प्राध्यापकांना तुम्ही ईमेल केलात तर उत्तर बहुधा दोन ओळींचं येईल: याविषयी मी आपल्याशी बोलू शकत नाही. तो तुसडेपणा नाही. फर्पा या १९७४च्या कायद्याने मूल कॉलेजात दाखल झालं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो, फी कुणीही भरत असो. तिने लेखी संमती दिली तर कार्यालय काही माहिती देऊ शकतं, पण या कोर्समध्ये अडलेली मुलगी स्वतः ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे शिक्षक विद्यार्थ्यांना भेटायला राखून ठेवतात त्या वेळेत, गेली की प्रश्न फार लवकर सुटतो. तुम्हाला मदत करायचीच असेल तर रविवारी फोनवर तिला तिचा मसुदा मोठ्याने वाचायला सांगा, आणि जिथे कळलं नाही तिथे फक्त ‘इथे मला कळलं नाही’ एवढंच म्हणा.